प्रार्थनाकीटकांची कुले : वेष आणि वंश
(बुलढाणा जिल्ह्याच्या प्राणिसूचीच्या संदर्भात)

प्राणिशास्त्रातील ‘फॅमिली’ या संज्ञेला मराठीने ‘कुल’ हा प्रतिशब्द योजला, तेव्हा त्या शब्दाबरोबर एक अपेक्षाही आपोआप येऊन बसली. कूळ हे रक्ताच्या नात्याने ठरते, पेहरावाने नव्हे. सोयरीक जुळविताना कूळ विचारतात ते याच समजुतीने. परंतु प्रार्थनाकीटकांच्या, म्हणजे मँटोडिया या गणाच्या, वर्गीकरणाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, दोन शतकांहून अधिक काळ या कीटकांचे कूळ बव्हंशी त्यांच्या पेहरावावरूनच ठरविले गेले. २०१९ साली या गणाची कुलव्यवस्था मुळापासून नव्याने मांडली गेली. तेव्हा दोन प्रश्न उपस्थित होतात. जुन्या व्यवस्थेप्रमाणे केलेल्या प्रादेशिक याद्यांचे मूल्य आता काय उरले, हा एक. आणि नवी व्यवस्था बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कीटक गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती कितपत येते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा अधूनमधून होते. दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बोलीभाषेत प्रार्थनाकीटकाला पुष्कळदा नाकतोडाच म्हटले जाते. शिक्षित वाचक याला हसतो. परंतु त्याने फार हसू नये. १७५८ साली लिनीअसने या कीटकांना ‘ग्रायलस’ या एकाच विस्तीर्ण प्रजातीत नाकतोडे व रातकिडे यांच्या शेजारी बसविले होते. इतकेच नव्हे, तर त्या प्रजातीच्या ‘मँटिस’ या पोटविभागात त्याने काडीसारखे दिसणारे आणि पानासारखे दिसणारे कीटकही घातले. आज हे दोन्ही एका निराळ्याच गणात गणले जातात व ते शाकाहारी आहेत. लांब अंग, काडीचा किंवा पानाचा आव, संथ चाल एवढ्यावरून हे नाते जुळविलेले होते. अर्थात लिनीअसला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या हाती सुकलेले नमुने होते आणि क्रमविकासाची कल्पना अद्याप शतकभर दूर होती. पण ज्या चुकीने या वर्गीकरणाचा आरंभ झाला, तीच चूक पुढे लहान प्रमाणावर, कुलांच्या पातळीवर, पुन्हापुन्हा होत राहिली हे ध्यानात घ्यावयास हवे.

गणाची मोठी सोयरीक मात्र यथाकाल स्पष्ट झाली. बुर्मायस्टरने १८३८ साली ‘मँटोडिया’ हे नाव दिले. पुढे अंडी एका सामायिक आवरणात घालण्याची रीत, नराच्या जननांगांची डावी-उजवी विषमता इत्यादी गोष्टींवरून प्रार्थनाकीटकांचे खरे भाऊबंद नाकतोडे नसून झुरळे होत, हे मान्य झाले; आणि वाळवी ही झुरळांच्याच वंशातील एक शाखा आहे, हे २००७ च्या सुमारास जनुकीय पुराव्याने जवळजवळ निर्विवाद ठरले. येथपर्यंत फारसा वाद नाही. वाद आहे तो गणाच्या आतील घरांच्या वाटणीचा. आज जगात सुमारे अडीच हजार जाती ज्ञात आहेत. त्यांची घरे किती, आणि कोणाचे बिऱ्हाड कोठे?

या कामात भारताचा वाटा अगदी लहान नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांची मँटोडियांची सूची १८८९ व १८९१ साली दोन भागांत तेथूनच प्रसिद्ध झाली. १८९३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याने ते काम अपुरे राहिले. इटालियन अभ्यासक जिल्यो-तोस याचा जगातील सर्व जातींवरील ग्रंथ १९२७ साली निघाला. परंतु ज्या व्यवस्थेने विद्यापीठीय अध्यापनावर खरी सत्ता गाजविली ती व्हिएन्नाच्या माक्स बायर याची. १९६८ साली त्याने गणाची आठ कुले केली, आणि पुढील तीन दशके पाठ्यपुस्तकांतून व संग्रहालयांच्या पेट्यांतून तीच आठ नावे नांदत राहिली.

बायरची व्यवस्था इतकी टिकली, यामागे केवळ परंपरेचे वजन नव्हते. ती वापरावयास सोपी होती. पुढच्या पायांच्या मांडीवरील व नडगीवरील काट्यांची रचना, डोक्यावरील शंकू, शृंगिकांचा आकार अशा बाह्य लक्षणांवर ती उभी होती. हाती एक बरे भिंग असले की पुरे. उदाहरणार्थ, गाँगिलस ही प्रजाती घ्यावी. मस्तकावर उभा शंकू, नराच्या शृंगिका दुहेरी कंगव्यासारख्या, पायांवर पानाच्या तुकड्यांसारखे पाळे : हा कीटक एम्प्युसिडी कुलातील आहे हे सांगावयास प्रयोगशाळा लागत नाही. आणि येथे बायरचा निर्णय बरोबरही ठरला. एम्प्युसिडी हे कुल आजही अबाधित आहे. बाह्य लक्षणे नेहमीच फसवितात, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

व्यवस्थेचा खरा दुबळेपणा दुसरीकडे होता. आठांपैकी ‘मँटिडी’ या एका कुलात गणातील बहुसंख्य जाती कोंबलेल्या होत्या, आणि त्यांना एकत्र बांधणारे स्वतःचे असे लक्षण जवळजवळ नव्हतेच. जे इतर सात घरांत बसत नाही ते येथे, असा त्याचा अर्थ. नकाराने व्याख्या केलेले कुल हे कुल नसून कोठार होय. रायनहार्ट एर्मान याने २००२ साली कुलांची संख्या पंधरावर नेली. जुन्या मँटिडीतील काही उपकुलांना त्यात स्वतंत्र दर्जा मिळाला. पण निकष बव्हंशी तेच राहिले. कोठाराच्या जागी काही खोल्या निघाल्या. त्या खोल्यांच्या भिंती मात्र जुन्याच रेघांवर घातल्या होत्या. झाडाच्या सालीवर राहणाऱ्यांची एक खोली झाली, बारीक काडीसारख्यांची दुसरी. दिसण्यातील साम्य म्हणजे नाते, हे गृहीत तसेच राहिले.

या गृहीताला पहिला जबरदस्त धक्का जनुकीय अभ्यासाने दिला. स्वेन्सन व व्हायटिंग या दोघांनी २००४ मध्ये आणि अधिक विस्ताराने २००९ मध्ये प्रार्थनाकीटकांची वंशावळ जनुकांवरून मांडली. तीत प्रचलित कुलांपैकी अनेकांचे घटक वंशवृक्षाच्या दूरदूरच्या फांद्यांवर विखुरलेले आढळले. सालीवर राहणाऱ्यांचे कुल, लिटर्ग्युसिडी, याचे उत्तम उदाहरण होय. या कुलात अमेरिकेतील लिटर्ग्युसा आणि आपल्याकडील हंबर्टिएला या प्रजाती एकत्र नांदत होत्या. दोहोंचे शरीर चपटे, अग्रवक्ष आखूड व रुंद, रंग सालीसारखा करडा-ठिपकेदार. दोघेही दबा धरून बसण्याऐवजी खोडावर झपाट्याने पळतात आणि माणूस जवळ आला की खोडाच्या पलीकडच्या बाजूस सरकतात. इतके साम्य असताना नाते नाही म्हणणे धाडसाचे वाटे. परंतु पुराव्याने तेच सांगितले. अमेरिकेतील सालकीटक आणि आशियातील सालकीटक यांनी हा वेष वेगवेगळ्या घरांतून निघून, आपापल्या खंडात, स्वतंत्रपणे धारण केला आहे. गावोगाव फिरणारा बहुरूपी पोलिसाचे सोंग घेतो म्हणून त्याचे नाव खात्याच्या पटावर चढत नाही. वर्गीकरणकारांनी मात्र ते चढविले होते.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळले असता या चुकीचे महत्त्व अधिक उघड होते. जिल्ह्याचे लोकच त्याचे दोन भाग करतात : घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरील पठार, बुलढाणा, चिखली, मेहकर, आणि दक्षिणेस लोणारचे उल्काविवर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडील पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन, आणि पलीकडे जळगाव-जामोद व संग्रामपूरच्या उत्तरेस सातपुडा. सर्वत्र कोरडी पानझडी अरण्ये, काटेरी झुडुपे, कुसळीची कुरणे आणि शेताचे बांध. अशा प्रदेशात प्रार्थनाकीटकाला दडण्याच्या जागा थोड्या व ठराविक असतात : वाळलेले गवत, उघडे खोड, माती-मुरूम, फुलोरा. जेथे दडण्याच्या जागा मोजक्या, तेथे सोंगेही मोजकीच. आणि वेगवेगळ्या वंशांचे कीटक एकाच सोंगात सापडण्याचा संभव अधिक. अभिसारी क्रमविकासाचा सापळा सदाहरित अरण्यापेक्षा अशा मुलखात अधिक घट्ट बसतो.

गवतातील शिझोसेफाला बायकॉर्निस या जातीचे उदाहरण यासाठी विशेष बोलके आहे. ही जाती लिनीअसच्याच काळापासून ज्ञात आहे. शरीर वाळल्या काडीसारखे अतिलांब, डोळे टोकदार होऊन पुढे निघालेले. पाय मिटून ती गवताच्या काडीला चिकटली म्हणजे दोन हातांवरूनही दिसत नाही. बायरने तिला मँटिडीत ठेविले, एर्माननेही ती तेथेच राहू दिली. २०१९ च्या मांडणीत ती एरेमिआफिलिडी कुलात गेली. या कुलाचे नाव ज्या एरेमिआफिला प्रजातीवरून पडले, ती आफ्रिका व पश्चिम आशियाच्या वाळवंटांतील, आखूड, गोळीबंद, खड्यासारखी दिसणारी व जमिनीवर धावणारी. काडी आणि खडा एका घरात! वरवर पाहता ही मांडणी विक्षिप्त वाटेल. पण नवी व्यवस्था रिव्हेटिनिडी, टॉक्सोडेरिडी व अमेलिडी यांनाही याच अधिकुलात आणते, आणि या चारही कुलांचे पुष्कळ घटक कोरड्या, उघड्या प्रदेशांतील आहेत हे पाहिल्यावर चित्र बदलते. रुक्ष मुलखात पसरलेल्या एका वंशाने कोठे काडीचे, कोठे खड्याचे, कोठे वाळल्या डहाळीचे रूप घेतले, असा त्याचा अर्थ लावता येतो. जुनी व्यवस्था हा अर्थ दाखवूच शकत नव्हती. कारण तिने या नातलगांना काडीच्या व खड्याच्या वेगवेगळ्या पेट्यांत आधीच वाटून टाकले होते. बुलढाण्याच्या कुरणांचा प्राणिभौगोलिक संबंध पश्चिमेकडील रुक्ष पट्ट्याशी किती व द्वीपकल्पाच्या अरण्यांशी किती, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर कुलांच्या यादीतून निघावयास हवे. ते निघते की नाही, हे यादी कोणत्या व्यवस्थेने केली यावर अवलंबून आहे.

हा मुद्दा आकड्यांनी तपासणे कठीण नाही. भारतातून नोंदल्या गेलेल्या नऊ प्रजाती घ्याव्यात : मँटिस, हायरोड्यूला, शिझोसेफाला, डेइफोबे, इथालोक्रोआ, हंबर्टिएला, क्रिओब्रोटर, गाँगिलस आणि अमॉर्फोसेलिस. बायरच्या हिशेबाने पहिल्या सहा मँटिडीत जातात, उरलेल्या तिघींची तीन कुले; एकूण चार. एर्मानच्या हिशेबाने हंबर्टिएला लिटर्ग्युसिडीत व इथालोक्रोआ टॉक्सोडेरिडीत वेगळी निघते, एकूण सहा. २०१९ च्या व्यवस्थेत शिझोसेफाला एरेमिआफिलिडीत, डेइफोबे रिव्हेटिनिडीत आणि हंबर्टिएला गोनिपेटिडीत जाते, मँटिडीत दोनच उरतात, एकूण आठ. पेटी तीच, टाचण्या त्याच, कीटक तेच. आणि कुले चार, सहा, आठ! प्रादेशिक अहवालांतून ‘अमुक कुले आढळली’ हा आकडा विविधतेचे माप म्हणून दिला जातो, आणि दोन अभयारण्यांच्या तुलनेत तो वापरलाही जातो. निरनिराळ्या काळी केलेल्या याद्यांमध्ये अशी तुलना करणे म्हणजे पायली आणि किलो यांची बेरीज मांडणे होय.

याच उदाहरणात दिलासा देणारी गोष्टही आहे. तीन व्यवस्था बदलल्या, परंतु नऊपैकी एकाही प्रजातीचे नाव बदलले नाही. कुल हे अभ्यासकाचे अनुमान आहे. जातीची ओळख, ती नमुन्यावर नीट केलेली असेल तर, पुष्कळ अधिक टिकाऊ आहे. (प्रजातीही अढळ नसतात, हे खरे, हायरोड्यूलातून २०२० साली काही आग्नेय आशियाई जाती ‘टायटॅनोड्यूला’ या नावाने वेगळ्या काढल्या गेल्या.) तेव्हा मुखर्जी, हाजरा व घोष यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला भारतातील १६२ जातींचा आढावा, किंवा घाटे, जाधव व सुरेशन यांची २०१२ ची अद्ययावत सूची, ही कामे २०१९ नंतर निरुपयोगी झाली असे कोणी समजू नये. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने लोणार अभयारण्याच्या प्राणिजातीवर २००८ साली काढलेल्या ग्रंथासारख्या स्थानिक ग्रंथांनाही हेच लागू आहे. २०१९ पूर्वीच्या कोणत्याही यादीतील कुलाचे शीर्षक पुसून नवे लिहिता येते. जातीचे नाव आणि स्थळ मात्र नव्याने मिळविता येत नाही.

आता नव्या व्यवस्थेचेही परीक्षण करावयास हवे. श्वार्त्स व रॉय यांनी २०१९ साली विद्यमान प्रार्थनाकीटकांची एकोणतीस कुले केली. इरिडॉप्टेरिजिडी व टाराकोडिडी यांसारखी काही परिचित कुले त्यांनी मोडून दुसऱ्यांत विलीन केली, आणि थेस्पिडी व लिटर्ग्युसिडी यांना अमेरिका खंडापुरते मर्यादित केले. त्यांचा मुख्य आधार नराची जननांगे हा आहे. जनुकीय निष्कर्ष व भौगोलिक प्रसार हे त्याला जोड देतात. ही निवड तर्कशुद्ध आहे. उदराच्या टोकाशी झाकलेले हे तीन विषम खंड साल, गवत किंवा फूल यांच्यापैकी कशाचीही नक्कल करीत नाहीत. भक्षकाच्या नजरेचा दाब त्यांच्यावर पडत नाही. सोंगाच्या आत जे उरते तेच नात्याला साक्षी असणार. झुरळे व प्रार्थनाकीटक यांच्या या अवयवांतील खंड एकमेकांशी कसे जुळवावेत याची पायाभरणी क्लासने १९९७ साली करून ठेविली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

तथापि या साक्षीदाराची उलटतपासणीही झाली पाहिजे. जननांगांवर वेषाचा दाब नसला तरी लैंगिक निवडीचा दाब असतो, आणि तो कधीकधी रचना झपाट्याने बदलतो. ऑस्ट्रेलियातील सिउल्फिना प्रजातीत काही नरांची जननांगे डावी तर काहींची उजवी, जणू आरशातील प्रतिमा असतात. तेव्हा कोणता फरक जवळच्या जाती ओळखण्यापुरता आणि कोणता कुलाइतका खोल, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. ‘आतला अवयव’ एवढ्याने तो आपोआप विश्वसनीय ठरत नाही. श्वार्त्स व रॉय यांची मांडणी जेथे जनुकीय पुराव्याशी जुळते तेथे ती भक्कम आहे; जेथे ती केवळ जननांगांवर उभी आहे तेथे तिला एक सुविचारित प्रस्ताव म्हणणेच योग्य.

आणि आतले ते खरे, बाहेरचे ते खोटे, असा नवा सोपा नियमही करून चालणार नाही. प्रार्थनाकीटकाचा कान हे त्याचे उत्तर आहे. मागच्या पायांच्या मध्ये, छातीच्या खालच्या अंगास, मध्यरेषेवरील एका खाचेत हा एकुलता एक कान असतो. वटवाघळांचे श्रवणातीत ध्वनी तो टिपतो. यागर व हॉय यांनी १९८६ साली तो जगापुढे आणला. तोपर्यंत दोन शतकांहून अधिक काळ वर्गीकरणकार हेच कीटक भिंगाखाली पाहत होते, काटे मोजीत होते; परंतु कीटक उलटा करून त्या खाचेचा अर्थ कोणी विचारला नाही. गणाच्या प्राचीन शाखांत हा कान नाही, आणि तो वंशात एकदाच उद्भवला असे यागर व स्वेन्सन यांनी २००८ साली दाखविले. म्हणजे वंशाची साक्ष देणारे एक लक्षण बाहेरच, उघड्यावर होते. जुन्या मंडळींचा दोष त्यांनी बाहेर पाहिले हा नव्हे; वेष जेथे सर्वांत गडद तेथेच पाहिले, हा होय.

नव्या व्यवस्थेची सर्वांत मोठी अडचण मात्र तात्त्विक नसून व्यावहारिक आहे. पुष्कळ जातींत नर दिव्यावर येतात, जड देहाच्या माद्या क्वचितच. उलट दिवसा झुडुपे धुंडाळणाऱ्याच्या हाती माद्या आणि अर्भकावस्थेतील पिल्लेच अधिक लागतात. पावसाळ्यात तर पिल्लांचाच भरणा असतो. प्रौढ कीटक मुख्यतः पावसाळ्याच्या शेवटी व त्यानंतर मिळतात. ज्या व्यवस्थेचा कणा नराच्या जननांगांवर आहे, ती या माद्यांना व पिल्लांना कोणती खूण देते? प्रौढ मादी ओळखीच्या प्रजातीची असली तर काम भागते. नसली तर कुलाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहते. बायरची आठ कुले सदोष होती, पण ती मादीलाही लागू पडत. एकोणतीस कुले अधिक खरी आहेत, पण त्यांच्या दारात निम्म्या नमुन्यांना उभे राहावे लागते. ही उणीव कुलव्यवस्थेच्या कर्त्यांनी एकट्याने भरून काढण्याजोगी नाही. तिला प्रदेशोप्रदेशी पिल्ले वाढवून, त्यांचा प्रौढ नराशी संबंध जोडून देणारे काम हवे. अंड्यांच्या फेसाळ, नंतर वाळून कठीण होणाऱ्या आवरणांचेही तसेच. ती काटक्यांवर, दगडांखाली, कुंपणांवर महिनोन्‌महिने टिकतात आणि त्यांची घडण पुष्कळदा प्रजातीगणिक निराळी असते. परंतु आपल्या भागातील आवरणांची ओळख करून देणारी साधी किल्ली कोणी केलेली नाही.

या पार्श्वभूमीवर बुलढाण्याच्या प्राणिसूचीत प्रार्थनाकीटकांची नोंद कशी असावी, हे ठरविणे अवघड राहत नाही. नोंदीचा आधार कुल नसून नमुना असावा. प्रत्येक नमुन्यासोबत गाव व तारीख तर हवीच. शिवाय तो नर की मादी, प्रौढ की पिल्लू, आणि तो नेमका कशावर सापडला—सालईच्या खोडावर, कुसळीत, बाभळीच्या फुलोऱ्यात की दिव्यावर—हेही लिहिलेले हवे. ही शेवटची नोंद बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, आणि वेष व वंश यांचा निवाडा करावयाचा तर तिच्यावाचून चालत नाही. नराच्या उदराचे टोक सौम्य दाहक क्षाराच्या द्रावणात मऊ करून, जननांगे ग्लिसरीन भरलेल्या इवल्याशा नळीत घालून ती त्याच टाचणीखाली लावावीत. आज त्यांचा अर्थ लावता आला नाही तरी पुढे कोणाला तरी लावता येईल. कुलाचे नाव लिहिल्यास ते कोणाच्या व्यवस्थेप्रमाणे, कोणत्या सालच्या, हे त्यापुढे लिहावे. आणि लोणारच्या काठावर जुलै महिन्यात सापडलेल्या, चपट्या अंगाच्या, खोडावर पळणाऱ्या एखाद्या अनोळखी पिल्लाच्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख व झाडाचे नाव पूर्ण असेल, तर कुलाची ओळ तूर्त कोरी ठेवावयास हरकत नाही.